सुमनबाई आणि एका ओळीची देवी

माझ्या मुलीच्या गळ्यातली माळ सुमनबाईंनी भर कार्यक्रमात हिसका मारून तोडली, तेव्हा मी दुसऱ्या रांगेत सरबताचा ग्लास धरून बसले होते. सरबत मांडीवर कधी सांडलं ते मला कळलंच नाही. बहारीनमध्ये अदलियातल्या एका व्हिलाची बाग, खुर्च्यांवर नटूनथटून बसलेले इंग्रज आईबाप, मधोमध स्टुलावर उभी असलेली माझी श्रावस्ती, आणि तिच्यासमोर पदर खोचलेल्या सुमनबाई. त्यांच्या हातात तुटलेला दोरा होता आणि मणी हिरवळीवर घरंगळत होते.  मागच्या एका गृहस्थाला हे नाटकातलंच वाटलं. त्याने टाळ्या वाजवल्या.

इतका धक्का मला तोवर कुणी दिला नव्हता. पण त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात जे ऐकलं, त्यापुढे हा धक्का काहीच नव्हता. त्याच वर्षी सुमनबाई बहारीन सोडून गेल्या.

सुमनबाई मनामाच्या सुकात, म्हणजे बाजारात, लतीफभाईंच्या लेडीज टेलरिंगच्या दुकानात शिवायच्या. त्या आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर मागच्या खोलीत राहायच्या. नवरा इथे वेल्डर होता. तो कामावरच हार्टफेलने गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं बाई गाशा गुंडाळणार. पण रत्नागिरीच्या लतीफभाईंनी व्हिसा दिला आणि बाई राहिल्या. बुटक्या, गोल, आवाज खणखणीत. मापं घेताना तोंडात टाचण्या धरूनही त्या गिऱ्हाइकाला झापायच्या. "तुम दिवाली में इतना नहीं था. अब ब्लाऊज रोता है तो मैं क्या करूं?" असं बँकेतल्या एका बड्या बाईला त्यांनी माझ्यासमोर सुनावलं होतं. अरबीतला एकच शब्द त्यांनी जवळ केला होता, मफी, म्हणजे नाही. दोरा मफी, वीज मफी, डोकं मफी.

शुक्रवारी सकाळी आमच्या घरी वंदना व्हायची. आठ-दहा कुटुंबं जमायची, बहुतेक सगळे आंबेडकरी, कुणी एसी मेकॅनिक, कुणी माझ्यासारखी ऑफिसातली. बावीस प्रतिज्ञा म्हणताना देवदेवतांना मानणार नाही या ओळींवर सुमनबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. माझा नवरा धम्मदीप म्हणायचा, "मावशींच्या आवाजाने शेजारच्या इजिप्शियनानेसुद्धा दीक्षा घेतली असेल."

पण त्या इतक्या मोठ्याने का म्हणतात, हे मला ठाऊक होतं. त्यांना एक मोठी बहीण होती, गंगूबाई. गडहिंग्लजकडच्या त्यांच्या खेड्यात गंगूच्या केसात लहानपणी जट निघाली. जट म्हणजे देवीचं बोलावणं. मग तिला डोंगरावरच्या जत्रेत नेलं, लिंबाचा पाला बांधला, कपाळभर भंडारा फासला आणि गळ्यात तांबड्या-पांढऱ्या मण्यांची माळ घातली. पोर देवीला वाहिली. देवीला वाहिलेल्या पोरीचं लग्न होत नाही, आणि गावातल्या पैसेवाल्याला ती हक्काची वाटते, एवढं सांगितलं तरी पुरे. पुढे छप्पन साली वडिलांनी, त्यांच्या आबांनी, दीक्षा घेतली, घरातले देव ओढ्यात सोडले. म्हणून धाकटी सुमन वाचली, शाळेत गेली, शिवण शिकली. गंगू मात्र मणी घालून परडी घेऊन जोगवा मागत राहिली, कारण आईने माळ काढू दिली नाही. देवी कोपेल, घरादाराला खाईल, असं आईचं म्हणणं. आई गेली, तरी माळ राहिली.

ती माळ उतरवायची, हा सुमनबाईंचा एकच ध्यास होता. सुट्टीवर गेल्या की पहिल्या दिवसापासून बहिणीच्या मागे लागायच्या. इकडे आल्या की रिकामी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालून, मशीन चालवता चालवता बोलायच्या आणि ती कॅसेट गावी जाणाऱ्याबरोबर पाठवायच्या. त्यात मशीनची घरघर, मध्येच लतीफभाईंची हाक, आणि बाकी सगळा वाद. देवी नसती, कोप नसतो, मणी काढ. गंगूबाईंचा निरोप दर वेळी तोच यायचा. देवी कोपेल गं सुमे.

आता ती बागेतली भानगड.

श्रावस्ती इंग्रजी शाळेत होती, त्यामुळे वेंडी मॅडमच्या मुलांच्या मंडळात तिला शिरकाव मिळाला होता. वेंडी मॅडम म्हणजे एका इंग्रज इंजिनिअरची बायको, उंच, उन्हाने लाल झालेली, उत्साहाचा धबधबा. ईस्टरला तिने मुलांचं एक नाटुकलं बसवायचं ठरवलं. विषय होता ख्रिस्ती होण्याआधीचे इंग्रज. ते काय मानत, त्यांचे महिने कसे असत, वसंत आला की काय करत. पालकांना बोलावून तिने सगळं समजावून सांगितलं. म्हणाली, ऐन थंडीत त्यांची एक रात्र मातांच्या नावाची असायची. आणि एप्रिलच्या सुमारास जो महिना यायचा तो ईओस्त्रे नावाच्या देवीचा. त्या महिन्यात तिच्या नावाने मेजवान्या व्हायच्या. पुढे धर्म बदलला, पण इंग्रजांनी नव्या सणाला जुन्या देवीचंच नाव ठेवलं. ईस्टर.

मी तर चाटच पडले. येशूच्या सगळ्यात मोठ्या सणाला देवीचं नाव? ऑफिसात आमच्या राजनला सांगितलं. तो कोट्टायमचा, दर रविवारी कामावर येण्याआधी चर्चला जाणारा. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि "इम्पॉसिबल" म्हणून दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

शेवटच्या प्रवेशात वसंताच्या स्वागताला जी मुलगी उभी करायची, तिथे श्रावस्तीची निवड झाली. मी हरखून गेले. धम्मदीप मात्र चिडवायला लागला. "बावीस प्रतिज्ञांच्या घरातली पोर, आणि देवीच्या दरबारात?"

"नाटक आहे," मी म्हटलं. "उद्या ती नाटकात झाड झाली तर पाणी घालणार आहेस का?"

झगा शिवायला सुमनबाईंकडेच दिला. पांढरा, कडेला पिवळी फुलं. कुणाचा झगा म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की इंग्रजांची एक जुनी देवी होती, तिच्या नाटकातला. आता तिला कुणी पूजत नाही.

"पूजत न्हाईत? का?" त्यांनी टाचण्या तोंडातून काढून विचारलं.

"धर्म बदलला त्यांनी."

"आन देवी?"

"गेली असेल कुठेतरी," मी म्हटलं आणि घाईत निघाले. सुमनबाई झगा हातात धरून बसून राहिल्या.

कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळच्या उन्हात होता. मुलांनी डोक्याला पुठ्ठ्याचे सशाचे कान लावले होते. कांद्याच्या सालीत उकडून तांबूस केलेली अंडी टोपल्यांत होती. श्रावस्तीच्या झग्याची शिवण ऐन वेळी उसवली तर म्हणून मी सुमनबाईंना बरोबर नेलं होतं. त्या कडेला झाडाखाली सुईदोरा घेऊन बसल्या होत्या. मुलं नाचली, गायली, ससे एकमेकांवर आपटले, सगळे हसले. सुमनबाईही हसत होत्या.

मग शेवटचा प्रवेश. श्रावस्ती स्टुलावर चढली. झगा घातलेली एक मोठी मुलगी पितळी वाडगा घेऊन आली. तिने श्रावस्तीच्या कमरेला हिरवा डहाळा बांधला. तो बागेतल्या कडुनिंबाचा होता. कपाळाला पिवळी पूड लावली. आणि गळ्यात माळ घातली, एक तांबडा, एक पांढरा, एक तांबडा, एक पांढरा. मोठी मुलगी इंग्रजीत म्हणाली, "आजपासून ही तिची."

माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. छान दिसतेय पोर, एवढंच वाटलं. पुढच्या क्षणी सुमनबाई झाडाखालून धावत आल्या.

माळ तुटली. त्यांनी पदराने श्रावस्तीचं कपाळ खसाखसा पुसलं, डहाळा ओढून काढला, तिला स्टुलावरून उचलून पोटाशी घेतलं आणि ओरडल्या, "एक दिली तेवढी बास! ही न्हाई देणार! कुणाच्या बापाला न्हाई देणार!"

मोठ्यांत मराठी कळणारी तिथे मी एकटीच. श्रावस्तीला कळत होतं, पण ती शरमेने रडकुंडीला आली होती. "मावशी, स्टॉप इट! इट्स जस्ट अ प्ले!" आणि मग त्या बिचाऱ्या गृहस्थाच्या टाळ्या.

मी सुमनबाईंच्या दंडाला धरून त्यांना व्हिलाच्या स्वयंपाकघरात आणलं.  "मावशी, वेड लागलंय का तुम्हाला? लोकांसमोर माझ्या पोरीचा तमाशा केलात! ही इंग्लंडची देवी आहे, तुमच्या डोंगरावरची नाही!"

त्यांनी मूठ उघडली. त्यात चार-पाच मणी राहिले होते. "मग हे कुठलं हाईत?" त्या म्हणाल्या. "पाला कुठला हाय? भंडारा कुठला हाय? संघप्रिया, गंगीला असंच उभं केलं हुतं. मी आईच्या कडंवर हुते. मला दिसतंय अजून."

मी त्यांची समजूत घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात वेंडी मॅडम आत आली. मला वाटलं, आता ही आम्हा दोघींना हाकलून देणार. पण ती गोंधळली होती. काय चुकलं, एवढंच तिने विचारलं. मी माफी मागितली, आणि मग, का कोण जाणे, विचारलं की हे माळेचं तुम्हाला कुठे मिळालं? जुन्या इंग्रजांत असं करत होते का?

"नाही, नाही," ती म्हणाली. "ते मीच घातलं." तिचा नवरा बहारीनला यायच्या आधी बेळगावकडे एका कारखान्याच्या कामावर होता. तिथे तिने डोंगरावरची एक जत्रा पाहिली होती. पांढऱ्या कपड्यातली लहान मुलगी, कमरेला पाला, कपाळ पिवळं, गळ्यात मणी. तिने फोटो काढला होता. इतकं सुंदर दृश्य तिने आधी पाहिलं नव्हतं. "वसंताची काहीतरी जुनी प्रथा असेल असं मला वाटलं. आणि आमच्या देवीसाठी मला शेवट हवाच होता."

 सुमनबाई वेड्या नव्हत्या. इंग्रजांच्या देवीच्या नावाखाली गंगूबाईंचीच माळ माझ्या पोरीच्या गळ्यात पडली होती, आणि मी दुसऱ्या रांगेत बसून ती कौतुकाने पाहत होते.

"त्या मुलीचं पुढे काय होतं?" आमचे चेहरे पाहून वेंडी मॅडमने विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. ती ओट्याला टेकली, मग तिथेच कोल्ड्रिंकच्या क्रेटवर बसली. तिचा लाल चेहरा पांढरा पडला होता. "माझ्या बैठकीच्या खोलीत तो फोटो आहे," ती म्हणाली. "फ्रेम करून."

सुमनबाईंना मी सगळं मराठीत सांगितलं. वाटलं, त्या आता तिच्यावर तुटून पडतील. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. "तिला इचार, हिनं आमचं का घेतलं? त्यांच्या देवीचं सोताचं काय न्हवतं का?"

वेंडी मॅडमने डोळे पुसले. त्यांच्या देवीचं जवळजवळ काहीच उरलेलं नाही, म्हणाली. देऊळ नाही, मूर्ती नाही, मंत्र नाही. बाराशे वर्षांपूर्वी मठात राहणाऱ्या एका साधूने लिहून ठेवलं की आमचे पूर्वज एका महिन्याला तिच्या नावाने ओळखत आणि तिच्यासाठी मेजवान्या करत. त्याने जवळपास एका ओळीत उरकलंय. त्या ओळीपलीकडे तिचा पत्ता नाही. ससा आणि अंडी लोकांनी मागाहून तिला चिकटवली. काही विद्वान तर म्हणतात की अशी देवी नव्हतीच, साधूने अंदाज केला.

हे ऐकून सुमनबाईंना जो धक्का बसला, तो मी विसरणार नाही. 

"एकच ओळ? समद्या मुलखानं सोडली तिला?"

"हो."

"आन मग? पिकं आली? पोरं जगली? कुणाला खाल्लं न्हाई तिनं?"

मी विचारलं. वेंडी मॅडमला आधी प्रश्नच समजला नाही. मग ती हळूच म्हणाली, "आम्ही आहोत की अजून. पाहा ना."

सुमनबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं पाहिलं. आणि हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. मला धरून म्हणाल्या, "संघप्रिया, हे गंगीला सांगाय पायजे. आपल्या माणसांनी सांगून पटंना तिला. पर अख्ख्या मुलखानं देवी सोडली आन कायसुदिक झालं न्हाई, हे ऐकलं की पटंल."

शनिवारी दुकानात लतीफभाईंनी डोक्याला हात लावला. "सुमनबाय, ह्या काय केलास? गोऱ्यांची गिऱ्हाईका आता येतील काय?" पण वेंडी मॅडमचा फोन त्यांना आधीच आला होता. बाईंना काही बोलायचं नाही, असं तिने बजावलं होतं. फोटोही तिने भिंतीवरून काढला, हे नंतर कळलं.

पुढच्या शुक्रवारी वंदना झाल्यावर आम्ही दोघी टेलिफोन ऑफिसात गेलो. सुमनबाईंनी नवी साडी नेसली होती. रस्ताभर त्या तोंडातल्या तोंडात वाक्यं घोळवत होत्या. गावातल्या एसटीडी बूथला फोन लावून गंगूबाईंना बोलवायला सांगितलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा लावला. गंगूबाई फोनवर ओरडूनच बोलायच्या, त्यामुळे मला बाजूला उभ्या उभ्या सगळं ऐकू येत होतं.

"गंगे, ऐक. गोऱ्यांचीबी एक देवी हुती. आपल्यासारखीच. जेवणं घालायची तिला."

"बरं मग?"

"मग सोडली त्यांनी. लई वर्सं झाली. आन ती कोपली न्हाई. कुणाला खाल्लं न्हाई. धडधाकट हाईत समदी, मी डोळ्यानं बघितलं."

"बरं झालं की," गंगूबाई म्हणाल्या.

"बरं झालं की काय? आता तरी काढ मणी! कशाला भ्यातीस?"

 पलीकडून आवाज आला, पण ओरडून नाही. मला कान जवळ न्यावा लागला.

"सुमे, मला काय देवीचं भ्या हाय व्हय? ते आई गेली तवाच गेलं."

सुमनबाईंनी भिंतीला हात टेकला. "मग इतकी वर्सं कोपंल कोपंल म्हणत हुतीस, ते?"

"तुला काय तर सांगाय नको? मंगळवारी-शुक्रवारी परडी घिऊन गेले की लोक दोन घास घालत्यात. मणी हाईत म्हणून देवळाच्या पडवीत निजू देत्यात. मणी काढले की मी कोण? काढ म्हणून आबानं सांगितलं, तू सांगितलंस, सभा घेणाऱ्यांनी येऊन सांगितलं. काढून जाऊ कुठं, ते एकानंबी सांगितलं न्हाई."

मी आयुष्यभर मोठमोठ्या बाया-बाप्यांची भाषणं ऐकली आहेत. एका वाक्याने पायाखालची जमीन अशी कधी सरकली नव्हती. सुमनबाईंचा चेहरा उतरून गेला.  कार्डावरचे युनिट भराभर पडत होते आणि त्या नुसत्या रिसीव्हर धरून उभ्या होत्या. मी त्यांचा खांदा हलवला.

"माझ्याकडं ये," त्या एकदम म्हणाल्या. "मी येते परत. गडहिंग्लजला खोली घेते, मशीन टाकते. माझ्यासंगं ऱ्हा तू."

 

"हे आधी का म्हणली न्हाईस गं?" गंगूबाई म्हणाल्या.